पानावर डाग पडण्यापूर्वी

द्राक्षाच्या पानावर वरच्या बाजूला फिकट पिवळे तेलकट डाग दिसू लागतात आणि त्याच जागी खालच्या बाजूला पांढरी लव उगवते, तेव्हा बागेत केवडा आला असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या पानात रोगकारकाचा शिरकाव होऊन तोवर पाच-सहा दिवस, आणि हवा थंड असल्यास त्याहूनही अधिक दिवस, उलटून गेलेले असतात. ज्या रात्री पाने ओली राहिली त्या रात्रीच्या मोजक्या तासांत या रोगाचा निकाल लागून गेलेला असतो आणि नंतर जे दिसते ते त्या निकालाचे केवळ दृश्य रूप असते. पिकांच्या बहुतेक रोगांबाबत असेच घडते. रोगकारक कोणता याइतकाच तो वनस्पतीत कोणत्या वाटेने आणि पिकाच्या कोणत्या अवस्थेत शिरतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण औषध कोणते, ते केव्हा आणि कोठे द्यायचे, किंबहुना औषधाचा उपयोग आहे की नाही, हे सारे त्या वाटेवरच अवलंबून असते.

रोगट पिकावर बुरशी दिसते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु ती बुरशी रोगाचे कारण आहे की रोगाने सडलेल्या भागातून आपोआप उपजलेली घाण आहे, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांचे एकमत नव्हते. फ्रान्समध्ये बेनेदिक्त प्रेव्हो याने १८०७ मध्ये गव्हाच्या काणीचे बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बियाणे, पाण्यात रुजताना पाहिले आणि रोगाचे मूळ त्यांच्यातच असल्याचे मांडले, तरी त्या काळी ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने लागोपाठ बुडाले, सुमारे दहा लाख माणसे भूक आणि साथींनी मेली आणि तेवढ्यांनीच किंवा त्याहून अधिकांनी देश सोडला; तेव्हाही थंड, ओल्या हवेने बटाटा सडला आणि सडल्यामुळे बुरशी आली, असेच अनेक जाणकार सांगत होते. इंग्लंडमधील पाद्री व बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली याने १८४६ मध्ये याच्या उलट मत नोंदवले आणि जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने १८५३ मध्ये तांबेरा व काणी या रोगांविषयी आणि १८६१ मध्ये बटाट्याच्या करप्याविषयी प्रयोगांनिशी दाखवून दिले, की बुरशी आधी आणि रोग नंतर असाच क्रम असतो. हवेला दोष देणारे मात्र सर्वस्वी चुकीचे नव्हते. हवा रोग निर्माण करीत नाही, पण रोगकारकाला आत शिरण्याची संधी तीच देते.

ही संधी सहज मिळणारी नसते. एका रोगट पानावरून लाखो बीजाणू उडतात, त्यांतील बहुतेक जमिनीवर, दगडावर किंवा परक्या वनस्पतीवर पडून मरतात, आणि जे योग्य पानावर पोहोचतात त्यांच्यापुढे मेणाचा थर असलेली उपत्वचा व तिच्याखाली सेल्युलोजची पेशीभित्ती असा दुहेरी तट उभा असतो. बीजाणूजवळ शिदोरी थोडी असते, ऊन आणि अतिनील किरण त्याला मारतात, आणि पान वाळण्यापूर्वी आत शिरता आले नाही तर त्याचा अंत ठरलेला असतो.

हा तट सरळ फोडून आत जाणाऱ्या रोगकारकांत भाताच्या करप्याची बुरशी बहुधा सर्वांत अभ्यासली गेलेली आहे. तिचा बीजाणू तीन कप्प्यांचा असून ओल लागताच त्याच्या टोकातून चिकट द्रव सुटतो आणि पाण्याला दाद न देणाऱ्या भाताच्या मेणचट पानावरही तो घट्ट बसतो. दोनेक तासांत त्यातून बारीक नळी फुटते, पृष्ठभाग कठीण आहे हे जाणवले की नळीचे टोक फुगून घुमटासारखा एक अवयव तयार होतो, आणि या अवयवाला अ‍ॅप्रेसोरियम म्हणतात. घुमटाच्या भित्तीत मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर बसतो. त्यातून पाणी आत येऊ शकते, पण आत साठवलेले ग्लिसरॉल बाहेर जाऊ शकत नाही. परिणामी पाणी खेचले जाऊन घुमटातील दाब सुमारे ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारगाडीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या जवळजवळ चाळीसपट, चढतो आणि तो सारा दाब तळाच्या एका अतिसूक्ष्म खुंटीवर एकवटून ती पानाच्या त्वचेत ठोकली जाते. प्रयोगशाळेत ही बुरशी प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यालाही भोक पाडते, यावरून या कामात पाचक द्रव्यांपेक्षा निव्वळ जोराचा वाटा किती मोठा आहे हे लक्षात येते.

ट्रायसायक्लॅझोल हे भातावर वापरले जाणारे औषध याच ठिकाणी घाव घालते. ते बुरशीला मारत नाही. ते मेलॅनिन तयार होण्याची रासायनिक साखळी मध्येच तोडते, त्यामुळे बीजाणू रुजतो, घुमटही तयार होतो, परंतु त्यात दाब टिकत नाही आणि बुरशी पानाच्या दाराशी ताटकळत मरते. अर्थात आत शिरून चुकलेल्या बुरशीला मेलॅनिनची ही गरज उरत नाही, म्हणून पानावर करप्याचे डोळ्याच्या आकाराचे, मधोमध राखाडी ठिपके पडल्यानंतर केलेली फवारणी त्या ठिपक्यांना बरे करू शकत नाही; ती फार तर पुढच्या पानांना आणि लोंबीच्या मानेला वाचवते.

तांबेऱ्याची बुरशी असा बळाचा मार्ग सहसा धरत नाही. गव्हाच्या पानावर श्वसनासाठी आणि बाष्पोत्सर्जनासाठी जी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात, आणि रुजलेल्या बीजाणूची नळी पानाच्या उभ्या शिरांना आडवी वाढत जाऊन त्यांतील एखादे रंध्र गाठते. डोळे नसलेल्या या तंतूला रंध्र सापडते ते स्पर्शाने. घेवड्यावरील तांबेऱ्याच्या बुरशीवर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर निरनिराळ्या उंचीचे कंगोरे कोरून बीजाणू रुजवले गेले, तेव्हा सुमारे अर्धा मायक्रोमीटर उंचीचा, म्हणजे रंध्राच्या ओठाइतका, कंगोरा लागताच बुरशीने तेथे अ‍ॅप्रेसोरियम बांधायला घेतले. त्याहून बऱ्याच ठेंगण्या किंवा उंच कंगोऱ्यांकडे तिने दुर्लक्ष केले. खाली पान नसून प्लॅस्टिक आहे याचा तिला पत्ता नव्हता.

गव्हाच्या तांबेऱ्याबाबत, ज्याला गेरवा असेही म्हणतात, भारतात आणखी एक कोडे होते. युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनक्रमाचा एक भाग बार्बेरी नावाच्या झुडपावर काढते, पण भारताच्या सपाट प्रदेशात उन्हाळ्यात ना गहू उभा असतो, ना जळत्या उन्हात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरतात, तरीही दर हिवाळ्यात रोग पुन्हा हजर होतो. आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षे अभ्यास करून दाखवले, की येथे बार्बेरीचा या चक्राशी संबंध नसून, हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पळणी या डोंगरांत थंड हवेमुळे उन्हाळ्यातही गव्हावर बुरशी जिवंत राहते आणि तेथून वाऱ्यावर तिचे बीजाणू सपाट प्रदेशात उतरतात. महाबळेश्वरच्या थंड व दमट हवेत गहू गेरवा संशोधन केंद्र असण्यामागेही हेच शास्त्र आहे. जेथे रोग हमखास येतो तेथेच गव्हाच्या नव्या वाणांची खरी परीक्षा घेता येते.

केवड्याचा रोगकारक रंध्रातूनच शिरतो, मात्र त्याची तऱ्हा अगदी निराळी आहे. वाऱ्याबरोबर आलेली त्याची बीजाणुधानी पाण्याच्या थेंबात फुटते आणि तिच्यातून दोन-दोन शेपट्यांचे चलबीजाणू बाहेर पडून पानाच्या खालच्या बाजूवरील पाण्याच्या पातळ थरात पोहू लागतात. रंध्राजवळ पोहोचले की शेपट्या टाकून ते तेथे चिकटतात आणि नळी आत सोडतात. पोहण्यासाठी पाणी हवेच, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघालेली असताना नाशिक-सांगली पट्ट्यात अवकाळी पाऊस पडला किंवा सकाळी उशिरापर्यंत दव टिकले की द्राक्षबागायतदारांची झोप उडते. शास्त्रीय दृष्टीने केवड्याचा रोगकारक खरी बुरशी नाहीच. त्याची भित्ती कायटिनची नसून मुख्यतः सेल्युलोज व तत्सम शर्करांची असते आणि त्याचे नाते बुरशीपेक्षा समुद्रातील तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. बटाट्याचा करपा, बाजरीचा गोसावी आणि कोकण-गोव्यातील सुपारीचा कोळेरोग हे सारे याच कुळातील रोगकारकांचे उद्योग आहेत. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल बनू न देणारी ट्रायझोल गटातील औषधे भुरी या खऱ्या बुरशीच्या रोगावर चालतात, पण केवड्याचा रोगकारक ते एर्गोस्टेरॉल बनवतच नसल्याने त्याच्यावर ती वाया जातात.

केवड्यावरचा पहिला परिणामकारक उपाय अपघाताने सापडला. हा रोगकारक मूळचा अमेरिकेचा. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि तेथील द्राक्षमळे उजाड करू लागला. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे याला १८८२ मध्ये मेदोक भागात असे दिसले, की जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडले होते, त्यांची पाने तेवढी शाबूत होती. पुढे प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केले. पानावर बसलेल्या या थरातून तांब्याचे आयन पाण्याच्या थेंबात हळूहळू सुटतात आणि पोहणाऱ्या चलबीजाणूला आत शिरण्यापूर्वी गाठून त्याच्यातील अनेक विकरे एकाच वेळी निकामी करतात. अनेक ठिकाणी घाव बसत असल्यामुळे रोगकारकाला त्याची सवय होणे अवघड जाते, आणि एकाच नेमक्या जागी काम करणारी कित्येक आधुनिक औषधे काही हंगामांत बोथट झाली तरी हे जुने मिश्रण अजून फडताळात गेलेले नाही. कोळेरोगासाठी मात्र ते पाऊस सुरू होण्यापूर्वीच घोसांवर बसवावे लागते, कारण एकदा आषाढधारा लागल्या की बागायतदाराला पोफळीवर चढायलाही उघडीप मिळत नाही.

ओल म्हणजे रोग, असा सरसकट नियम करायला जावे तर भुरी आडवी येते. भुरीच्या बीजाणूत स्वतःचेच पाणी भरपूर असते, त्यामुळे तो कोरड्या पानावरही रुजतो आणि वाहते पाणी त्याला उलट अपायकारक ठरते. ही बुरशी पानाच्या आत खोलवर जातही नाही. तिचे सारे पांढरे जाळे बाहेर पसरते आणि फक्त वरच्या थरातील पेशींमध्ये ती आपली शोषकांगे खुपसते. ढगाळ, दमट पण बिनपावसाची हवा तिला मानवते, आणि बाहेरच राहत असल्यामुळे साध्या गंधकाच्या भुकटीनेही ती आटोक्यात येते.

जिवाणूंना यांतले काहीच साधत नाही. त्यांना ना नळी फुटते ना दाब निर्माण करता येतो. त्यांना दार उघडे लागते. सोलापूर, नाशिक आणि आसपासच्या भागांत डाळिंबाच्या बागा ज्याने मोडल्या तो तेल्या हा झँथोमोनास जातीच्या जिवाणूमुळे होणारा रोग आहे, आणि हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडून रंध्रांतून किंवा जखमांतून आत जातो. वाऱ्याने फांद्या घासतात, काटे फळाला लागतात, आणि छाटणीची कात्री रोगट झाडावरून निर्जंतुक न करता निरोगी झाडावर चालवली तर माणूसच वाहक बनतो. पावसाळ्यात फळे पोसणारा मृग बहार सोडून हस्त किंवा आंबे बहार धरण्याकडे अनेक बागायतदार वळले ते याच कारणाने. रोगकारकाला आवडणारा काळ आणि पिकाची नाजूक अवस्था यांची गाठच पडू न देणे हा औषधाविना केलेला उपाय आहे.

विषाणू याहूनही परावलंबी. त्याला पेशीच्या आतच जागा हवी असते आणि तेथे त्याला बहुधा नेऊन सोडतात ते रस शोषणारे कीटक. सोयाबीनवरील पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते, आणि या प्रकारात माशीच्या शरीरात विषाणू शिरून पुन्हा लाळेत उतरेपर्यंत काही तास जावे लागतात, म्हणून माशीचा बंदोबस्त केल्यास प्रसार खरोखर मंदावतो. पपईवरील रिंगस्पॉट विषाणूची गोष्ट उलटी आहे. तो मावा या किडीच्या सोंडेच्या टोकाला काही सेकंदांत चिकटतो आणि पुढच्या झाडावर तिने नुसती चव घेण्यासाठी सोंड टोचली तरी तेवढ्यात उतरतो. कीटकनाशकाने मावा मरण्याआधीच त्याचे काम उरकलेले असते. अशा वेळी पपईत होणारा कीटकनाशकांचा मारा हा खर्चापलीकडे फारसे काही साधत नाही.

बियाण्यावाटे येणाऱ्या रोगांत शिरकावाची वेळ फारच निर्णायक ठरते. ज्वारीच्या दाणे काणीचे बीजाणू मळणीत निरोगी दाण्यांना बाहेरून चिकटतात आणि पेरणीनंतर अंकुर कोवळा असतानाच त्यात शिरतात. त्यानंतर ताट वरवर निरोगी वाढते आणि कणसात दाण्यांच्या जागी काळी भुकटी भरते. बीजाणू सालीवर असल्यामुळे किलोभर बियाण्याला चार ग्रॅम ३०० मेश गंधक चोळले तरी तो रोग टळतो, आणि या उपायाइतका स्वस्त उपाय शेतीत क्वचितच आढळेल. गव्हाच्या काजळीवर मात्र हेच गंधक निरुपयोगी ठरते, कारण तिचे बीजाणू आदल्या हंगामात फुलोऱ्यातच फुलावर पडून तयार होणाऱ्या दाण्याच्या गर्भात जाऊन बसलेले असतात. त्यांच्यासाठी बियाणे भिजवून उष्णतेने बुरशी मारणे, किंवा १९६० च्या दशकाअखेरीपासून मिळू लागलेली कार्बोक्सिनसारखी आत झिरपणारी औषधे वापरणे, एवढेच मार्ग आहेत.

आत शिरल्याने सगळे संपते असेही नाही, कारण खरी ओळखपरेड तेथे सुरू होते. वनस्पतीच्या पेशीपटलावरील ग्राहक रेणू बुरशीच्या भित्तीतील कायटिनचे तुकडे ओळखतात आणि पेशी आपली भित्ती जाड करू लागते, विषारी ऑक्सिजन-संयुगे सोडते. तांबेरा, भुरी, केवडा यांसारख्या रोगांच्या कारकांना जिवंत पेशीच हवी असते. ते पेशीत शोषकांग घालून साखर खेचतात आणि ही चोरी लक्षात येऊ नये म्हणून तेथे एफेक्टर नावाची प्रथिने सोडून पेशीची धोक्याची सूचना दडपतात. काही वाणांजवळ असा एखादा एफेक्टर ओळखणारे जनुक असते, आणि ओळख पटताच ग्रासलेली पेशी स्वतःहून मरते. मेलेल्या पेशीत उपासमार होऊन जिवंत अन्नावर जगणारी बुरशी तेथेच थांबते. अमेरिकेतील हॅरोल्ड फ्लोर याने १९४० च्या दशकात जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून दाखवले, की वनस्पतीच्या प्रत्येक प्रतिकार-जनुकाला जोडीदार असे एक जनुक रोगकारकातही असते. प्रतिकारक वाण काही वर्षांत का मोडतात याचे उत्तर यातच आहे: बुरशीने ते एक जनुक बदलले किंवा गमावले की तिला कोणी ओळखत नाही. राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ हे जनुक दीर्घकाळ काळ्या तांबेऱ्याला रोखून होते आणि जगभरच्या असंख्य वाणांत पसरले होते. १९९९ मध्ये युगांडात यूजी-९९ या प्रकाराने ते चकवल्याचे स्पष्ट झाले आणि एकाच जनुकावर विसंबणे किती धोक्याचे असते हे गहू पैदासकारांना नव्याने उमगले.

स्वतःची पेशी मारण्याची ही युक्ती प्रत्येक शत्रूवर चालत नाही, कारण काही रोगकारकांना पेशी मेलेलीच हवी असते. रब्बी ज्वारीवरील खडखड्या रोगाची मॅक्रोफोमिना ही बुरशी जमिनीत काळ्या, मोहरीहूनही बारीक गाठींच्या रूपाने वर्षानुवर्षे पडून राहते आणि पिकाच्या मुळांत ती बरीच आधी शिरलेली असते. ओलावा पुरेसा असेपर्यंत झाड तिला मुळांतच थोपवून धरते. दाणे भरू लागले की ताटातील साखर कणसाकडे ओढली जाते, त्याच सुमारास सोलापूरकडील काळी जमीन सुकून भेगाळू लागते, आणि दोन्ही बाजूंनी दुबळ्या झालेल्या ताटात बुरशी एकदम वर सरकून आतला भेंडा खाऊन टाकते. उरतात त्या नुसत्या शिरा आणि त्यांवर काळी भुकटी, आणि वारा सुटला की ताटे बुडाशी मोडून आडवी होतात. येथे शिरकाव कधी झाला हा प्रश्न गौण असून झाडाची ताकद कधी संपली हा मुख्य आहे. म्हणूनच या रोगावर फवारणीचा उपयोग होत नाही. ताटांची दाटी न करणे, नत्र बेताने देणे, कोळपण्या वेळेवर करून भेगा बुजवणे आणि दाणे भरताना शक्य असेल तेथे पिकाला एखादे पाणी देणे, याच गोष्टींची शिफारस कोरडवाहू ज्वारीसाठी केली जाते.